आईच्या बोटीला अकरा मागण्या

जिने उभ्या आयुष्यात कामाला एक दिवस सुट्टी दिली नाही, अशा तुमच्या आईला कुणी चार दिवस समुद्रावर फिरायला बोलावलं, तर तुम्ही काय कराल?

मी तीन पानी निवेदन लिहिलं.

आमच्या घराची रीतच तशी. बाबा प्राथमिक शिक्षक, आणि शाळा सुटली की चळवळीचे कार्यकर्ते. घरात तांदळाचा डबा एक आणि पत्रकांचे गठ्ठे चार. बाकीची मुलं पाटीवर 'आई, बाबा' गिरवत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. बाविसाव्या वर्षी माझी मजल इथवर गेली होती की दुधात पाणी घातल्याबद्दल दूधवाल्याकडे मी लेखी खुलासा मागितला होता. (त्याने दूध बंद केलं. खुलासा अजून यायचा आहे.)

या घरात एकटी आईच अशी, जिने कधी पत्रक लिहिलं नाही. ती गोधड्या शिवायची. आमच्याकडे त्याला वाकळ म्हणतात. जुन्या पातळांचे थर जमिनीवर अंथरायचे, चारी बाजूंनी ओढून सपाट करायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. आईचा दोरा असा सरळ जायचा की बाबा फळ्यावर पट्टी लावूनही तशी रेघ मारू शकले नसते. समोरच्या कोपऱ्यावर शेजारच्या जैनबचाची बसायच्या. दोघी मिळून रत्नागिरीतल्या निम्म्या घरांची थंडी बघायच्या. त्यांचा नियम एकच. ज्याच्या अंगावर वाकळ जायची, त्याच्या घरातला एक विरलेला कपडा आत हवाच. नाहीतर, आई म्हणायची, ऊब येते पण ओळख लागत नाही.

एका मे महिन्यात आंबे घ्यायला आलेल्या मुंबईच्या शेरनाझबाई आमच्या गडग्यापाशी थबकल्या. दगडी गडग्यावर वाकळ वाळत होती. बाई छत्री मिटून उन्हात उभ्या राहिल्या आणि टाके मोजायला लागल्या. आईला वाटलं, जनगणनेच्या असतील. मग बाईंनी वाकळ विकत मागितली.

"ती जैनबच्या नातवाची आहे," आई म्हणाली. "विकू कशी?"

बाई तिथेच पडवीत मांडी घालून बसल्या आणि सुई मागून घेतली. त्यांचा मुंबईत शिवणाचा वर्ग होता म्हणे. तीनदा दोरा तुटला, आई तीनदा हसली आणि मैत्री झाली.

त्यानंतर पावसाळा सरल्यावर बाईंचं पत्र आलं. साल २००६ असेल. मुंबईहून लक्षद्वीपपर्यंत जाऊन येणारी मोठी आगबोट, तिच्यावर तीस हौशी बायका, चार दिवस समुद्र आणि चार दिवस फक्त गोधडी. शिकवायला आईने यावं. सोबत एक माणूस आणावं. खर्च सगळा त्यांचा.

मी पत्र मोठ्याने वाचलं. त्यातल्या एका ओळीवर जैनबचाचींचा हात थांबला. 'कापड आम्ही नवे कोरे घेऊन ठेवले आहे, त्याचे तुकडे कापून ठेवू.'

"नवा कापड फाडायचा," चाची सावकाश म्हणाल्या, "आणि परत जोडायचा?"

"होय," मी म्हटलं.

"मग फाडायचा कशाला गो?"

उत्तर देण्याऐवजी मी संतापले. आई मात्र 'बघू' एवढंच म्हणाली आणि तव्यावरचा बांगडा उलटायला आत गेली. वास्तविक प्रश्न तिचा होता. पण आमच्या घरात प्रश्न फार वेळ एकटा सोडत नाहीत. संध्याकाळी बाबा आले आणि आम्ही दोघांनी तो ताब्यात घेतला.

"बाबा, हे श्रमाचं प्रदर्शन आहे."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "प्रदर्शन नको. बाजारीकरण लिही."

"आपण नकारच कळवूया."

"नकार कधी द्यायचा नसतो, बाय. मागण्या द्यायच्या. नकार समोरच्याला देऊ दे."

मी अकरा मागण्या लिहिल्या. श्रीमती सुमती जाधव यांना 'मावशी' न म्हणता 'शिक्षिका' म्हणावे. त्यांचे जेवण सर्वांबरोबर, एकाच टेबलावर व्हावे. परवानगीशिवाय फोटो काढू नये. त्यांच्या कामास 'ठिगळे लावणे' असे संबोधू नये. रोज भात व माशाचे कालवण मिळावे. मग माझी लेखणी तापली. आठवी मागणी अशी होती की सोबत येणाऱ्या व्यक्तीचे (म्हणजे माझे) 'शिवणकाम आणि स्त्रीश्रमाचे अदृश्य स्वरूप' या विषयावर पंचेचाळीस मिनिटांचे भाषण बोटीच्या डेकवर आयोजित करावे. ही वाचून कुठलीही शहाणी बाई नकार देईल याची मला खात्री होती.

शेवटी मी लिहिलं, 'आठ दिवसांत मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपणावर राहील.'

खरं सांगते, ते वाक्य मी लिहिलं नाही. ते हाताने लिहिलं. निवेदन म्हटलं की हात शेवटी तिथेच जायचा, जशी गाय गोठ्यात जाते. आणि त्याखाली सवयीने 'प्रत माहितीसाठी' म्हणून दोन सरकारी कचेऱ्यांची नावंही पडली. मी निवेदन मुंबईला टपालात टाकलं, आणि बाबांनी तर सवयीने त्या प्रती नेऊनही दिल्या!

सहाव्या दिवशी सकाळी एक हवालदार आमच्या पडवीत येऊन उभे राहिले. आई आणि चाची एका मोठ्या वाकळीच्या दोन टोकांना बसल्या होत्या.

"सुमती जाधव कोण?"

"मी."

त्यांनी खिशातून कागद काढला. "बोटीवर आंदोलन तुम्हीच करणार?"

आईने दोरा दाताने तोडला. "कुठल्या बोटीवर?"

"तेच विचारायला आलोय."

"माझा घोव तीस वर्षं बोटीवर होता," चाची नवऱ्याचा दाखला देत म्हणाल्या. "तिथे आंदोलनाला जागा नसते. जेवायलाच दोन पाळ्या लागतात."

हवालदारांना हे पटलेलं दिसलं. आईने त्यांना पाट दिला, चहा दिला आणि कागद वाचून दाखवायला सांगितला. दाराआड उभी राहून मी माझंच लिखाण एका हवालदाराच्या तोंडून ऐकत होते. सातव्या मागणीपर्यंत त्यांनी एका सुरात वाचलं. आठवीला ते थांबले.

"पंचेचाळीस मिनिटं?" ते म्हणाले. "एवढं कोण ऐकणार, बाई? हे तेवढं सोडून द्या."

ते चहा पिऊन, आंदोलन नाही असं लिहून घेऊन गेले. जाताना पोराच्या दुपट्याला भोक पडलंय, ते आणलं तर चालेल का, असंही विचारून गेले. मग आईने हाक मारली.

"बाय, इकडे ये. तू मला विचारलंस?"

"तू 'बघू' म्हणालीस."

"मग बघतच होते ना! जैनबच्या भाच्याच्या होडीत बसून खाडीत दोन फेऱ्या मारून आले. मळमळतं का ते बघितलं. नाय मळमळत. मग जैनबकडून चेनची पिशवी मागून आणली. घडी करून दोन लुगडी घालून ठेवली." ती सुईकडे बघत बोलत होती. "जायचं म्हणून ठरवलं होतं मी."

मी जवळ जाऊन निमूट तिच्या दुसऱ्या सुईत दोरा ओवायला घेतला. आमच्या घरात असा प्रसंग नवा होता.

बाबा शाळेत निघाले होते, ते उंबऱ्यातच उभे राहिले. आई त्यांच्याकडे वळली. "तेवीस वर्षं तुमच्या मोर्च्यांना भाकऱ्या बांधून दिल्या. मोर्चा कुठे जाणार ते मला कुणी विचारलं नाही. चालतं. पण मी कुठे जाणार ते तरी मला ठरवू द्या. आता ती बाई म्हणेल, ही जाधवीण भांडखोर दिसते, दुसरी कुणी बघू."

बाबा पायरीवर बसले. त्या दिवशी शाळेची घंटा त्यांच्याशिवाय झाली.

मी धावत टेलिफोन बूथवर गेले. बाबा मागून सांगत होते, "एकतर्फी माघार घेऊ नकोस गो! चर्चेचा मार्ग खुला ठेव!" मी मार्ग वगैरे काही ठेवला नाही.

"शेरनाझबाई, मी रत्नागिरीहून जाधव. आम्ही निवेदन बिनशर्त मागे घेत आहोत."

"पण का, डिकरा? मी तर सगळं मंजूर केलं."

"सगळं?"

"अकराच्या अकरा. पत्र टपालात आहे. तुझं भाषण दुसऱ्या दिवशी, नाश्त्यानंतर. फक्त ती शेवटची ओळ समजली नाही. आंदोलन नक्की कधी आहे? आमच्यातल्या दोघींना भाग घ्यायचाय."

लढा कसा उभारावा हे मला तोंडपाठ होतं. पण सगळ्याच मागण्या मान्य झाल्या तर पुढे काय करायचं, हे एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि घरी येईपर्यंत माझ्या मनाने पराभवाचा विजय करून टाकला होता.

"आई, आपण जिंकलो!"

"कागद आण," आई म्हणाली.

तिने निवेदनाची आमच्याकडची प्रत मांडीवर घेतली आणि पेन्सिल मागितली. मला एकेक मागणी वाचायला लावली.

"शिक्षिका म्हणावे."

"काट. मावशी म्हणाल्या तर काय बिघडलं? माझी भाचरं काय कमी आहेत, त्यात तीस आणखी."

"रोज माशाचे कालवण."

"मी बोटीवर कालवण खायला चालले? ते घरी मीच करते. काट."

"एकाच टेबलावर जेवण."

पेन्सिल थांबली. "हे राहू दे. आणि फोटोचंही राहू दे. ही दोन तू बरी लिहिलीस."

(आजवर माझ्या लिखाणाचं झालेलं एवढंच जाणकार परीक्षण. मी ते जपून ठेवलं आहे.)

मग तिने खाली स्वतःच्या हाताने एक मागणी लिहिली. 'शिवायला बसणाऱ्या प्रत्येकीने आपल्या घरातला एक जुना कपडा आणावा. नवीन कापड फाडलेले चालणार नाही.' अक्षर मोठं, रेघ सरळ. अकरा मागण्यांत मला जे मांडता आलं नव्हतं, ते तिने दोन ओळींत मांडून टाकलं. आंदोलनाची धमकीही दिली नाही.

"सोबत कोण येणार म्हणून कळवू?" मी विचारलं. विचारताना पदर नसताना पदर सारखा केला. माझं भाषण तयार होतं.

"जैनब."

चाचींच्या बोटात सुई टोचली. "मी? मी कशाला गो?"

"तीस वर्षं घोवाला बोटीवर पोचवायला जेटीवर गेलीस. वर कधी चढलीस?"

चाचींनी टोचलेलं बोट तोंडात घातलं, ते तिथेच राहिलं. त्यांचं हे गप्प बसणं इतकं अपूर्व होतं की बाबा आतून बघायला आले.

"आणि माझं भाषण?" मी बारीक आवाजात विचारलं.

"जैनब करील."

"माका काय बोलायला येतं?"

"तू गप्प कधी असतेस?"

डिसेंबरात आम्ही दोघींना रत्नागिरी स्टेशनवर गाडीत बसवलं. चेनच्या पिशवीत लुगड्यांबरोबर दोऱ्याची रिळं होती आणि चाचींच्या घोवाचा एक जुना बुशशर्ट. पुढची हकीकत मला चाचींकडूनच कळली, म्हणजे सविस्तर. तीस बायकांनी खरोखरच घरं उलथीपालथी करून कपडे आणले होते. कुणी सासऱ्यांचा पायजमा, कुणी लेकीचा शाळेचा फ्रॉक. एकीने गेलेल्या आईची साडी आणली होती आणि साडीला कात्री लावायला ती धजेना. आई म्हणाली, "कापू नको. अख्खी घडी घालून मधल्या थरात घाल. दिसणार नाही, पण असेल." त्या बाईने घरी परतल्यावर आम्हाला पत्र लिहिलं, ते बाबांनी दोनदा वाचलं आणि एकही दुरुस्ती सुचवली नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर डेकवर चाची उभ्या राहिल्या. त्यांनी तो बुशशर्ट वर धरला आणि त्यावरचा कुठला डाग कुठल्या बंदरातला, तो धुताना घरात काय चाललं होतं, कुठलं बटण कुठल्या बाळंतपणात तुटलं आणि तेव्हा तो माणूस किती दूर होता, ते सांगत गेल्या. सव्वा तास बोलल्या. एकही बाई उठली नाही. मी ज्याला स्त्रीश्रमाचं अदृश्य स्वरूप म्हणणार होते, ते त्यांनी एका कॉलरवर दाखवलं.

आई परतली ती चार दिवसांत चार वर्षांनी लहान होऊन. उन्हाने काळवंडली होती आणि आल्या आल्या चाचींना म्हणत होती, "त्या पाण्याचा रंग सांगून कुणाला पटायचा नाय." मी तिच्या पायाशी बसून सगळं ऐकलं. मध्ये एकदाही मुद्दा मांडला नाही. ऐकून झाल्यावर, हातात कागद न घेता, मी तिला जन्मात पहिल्यांदा विचारलं, "आई, आता कुठे जावंसं वाटतं?"

तिने नीट विचार केला.

"कुठेही," ती म्हणाली. "तू आणि बाबा नसाल अशा ठिकाणी. चार दिवस."

तेव्हा वाचकहो, माझी एक विनंती आहे, आणि ती आजच अमलात आणा. आपल्या घरातल्या बाईला विचारा, तिला कुठे जायचं आहे. तोंडी विचारा. आणि उत्तर माझ्यासारखं मिळालं, तर खुलासा मागू नका. मुकाट्याने तिची पिशवी भरून द्या.