ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं पाणी

माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले तेव्हा आमच्या घरात जवळजवळ आनंद झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगात काहीतरी दाखवता येण्यासारखं सापडलं होतं. सोनोग्राफीचा तो काळा कागद नवऱ्यानं चष्मा लावून निरखला, खिडकीच्या उजेडात धरला, शेजाऱ्यांना दाखवला. त्याआधीच्या माझ्या आजाराचा असा फोटो कधी निघाला नव्हता. फायब्रोमायल्जिया म्हणजे मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं दुखतं, रात्रभर झोपलं तरी सकाळी अंग दमलेलंच असतं, आणि रक्त, एक्सरे, सगळं नॉर्मल येतं. नॉर्मल आलेला रिपोर्ट हा आमच्याकडं पेशंटच्या विरुद्धचा पुरावा समजतात. आजाराचं नावसुद्धा कुणी घेत नसे. ‘तिचं ते’ म्हणायचे. कुणी विचारलं, की नवरा सांगायचा, तिचं ते चालूच असतं.

शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो आणि नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. धरण आटलं होतं, पण शहर वाढायचं काही थांबत नव्हतं. आमच्या कॉलनीच्या मागं परवापर्यंत ज्वारी उभी राहायची, तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. रस्त्यावरच्या मोठ्या पाटीवर कारंजं रंगवलेलं. ज्या गावात भांडी घासलेलं पाणी संडासात ओतायला जपून ठेवतात, त्या गावातली माणसं कारंज्याचं चित्र पाहून प्लॉट बुक करत होती. असल्या अकलेच्या लोकांनी माझा आजार समजून घ्यावा असं मला वाटायचं, म्हणजे माझीही अक्कल त्यातलीच.

ऑपरेशन ठरलं तशी मी औरंगपुऱ्यातल्या माझ्या जुन्या डॉक्टरांकडं गेले. अकरा वर्षं तेच मला गोळ्या देत होते. त्यांनी सर्जनसाठी चिठ्ठी लिहिली आणि मला बजावलं, की आधीचे आठ-दहा दिवस अजिबात ओढाताण करायची नाही. अंग आधीच शिणलेलं असलं, की ऑपरेशननंतरचं दुखणं आवरत नाही. रोजची गोळी मनानं बंद करायची नाही. टेबलावर मान अवघडणार नाही एवढं आधी सांगून ठेवायचं. मी सगळं डोक्यात बसवून घेतलं.

सर्जननं ती चिठ्ठी अर्धी वाचली आणि पेपरवेटखाली सरकवली. “हल्ली सगळ्यांचंच अंग दुखतं हो,” तो म्हणाला. “माझंही दुखतं.” आणि हसला. शेजारी बसलेला माझा नवराही हसला. दोन पुरुषांचं एकमेकांशी इतक्या चटकन पटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

भुलीच्या डॉक्टरीणबाई मात्र वेगळ्या निघाल्या. तिशीच्या असतील. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, गोळीचं नाव लिहून घेतलं, मान वळवून दाखवायला सांगितली. मग म्हणाल्या, “ऑपरेशननंतर तुम्ही गुंगीत असाल. तुम्हाला इतरांपेक्षा जास्त दुखेल आणि धड सांगता येणार नाही. जे माणूस तुमच्याजवळ थांबेल, त्याला हे नीट ठाऊक पाहिजे, म्हणजे ते सिस्टरना सांगेल आणि सिस्टर मला बोलावतील. आहे ना असं कुणी?”

मी आहे म्हणाले. नव्हतं.

या दुखण्याच्या अगदी सुरुवातीला, अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी काय झालं होतं, ते मी विसरले नव्हते. ऑपरेशननंतर मला टाक्यांचं दुखत नव्हतं तेवढं खांदे आणि पाठ दुखत होती. मी कळवळत होते. सिस्टर नवऱ्याला म्हणाली, फार नाटकी पेशंट आहे तुमचा. आणि नवऱ्यानं माझ्या वतीनं माफी मागितल्यासारखं स्मित केलं. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याच्या पुष्कळ गोष्टी पोटात घातल्या आहेत. ते स्मित घातलेलं नाही. आता परत तसंच पडून राहायची माझी तयारी नव्हती. आठ दिवसांत मला एक माणूस हवा होता, ज्याचा माझ्या दुखण्यावर विश्वास बसेल.

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नव्हते, म्हणून देवगाव रंगारीहून माझ्या थोरल्या नणंदेला बोलावलं. आक्का शेतकऱ्याच्या घरातली, साठीची, पाठीनं ताठ. त्यांच्या विहिरीला तेव्हा पाणी नव्हतं. गावच्या विहिरीत टँकर रिकामा व्हायचा आणि बाया दोर-बादल्या घेऊन त्यावर तुटून पडायच्या. अशा ठिकाणाहून आलेल्या बाईनं दारात पाऊल टाकलं, तर भावाची बायको भरदुपारी पलंगावर.

“काय गं वैनी, दिवसाची झोपून राह्यली?”

“डॉक्टरांनी आराम सांगितलाय, आक्का.”

“ऑपरेशन तर अजून व्हयाचंय. आधी कुठं आराम असतो? आराम मंग असतो.”

मी पुन्हा एकदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तपासणी सुरू केली. सूज कुठंय? सूज नसते. ताप? नसतो. मंग हाय काय? त्यांनी माझ्या खांद्यात अंगठा रुतवला. मी किंचाळलेच. “आगं, नुसतं बोट लावलं,” त्या म्हणाल्या आणि भावाकडं असं पाहिलं, की त्याला पुढचं काही विचारायची गरजच उरली नाही. हीच बाई माझ्या उशाशी थांबणार होती.

बाकीच्यांबद्दल काय सांगावं. शेजारीण रोज येऊन योगा करा म्हणून सांगायची. तिचं स्वतःचं पोट दारातून आधी आत यायचं. नवऱ्याच्या चुलतभावानं पाचोडच्या बाजारात तेल चोळून देणारा एक माणूस शोधून काढला होता. तो म्हणे शिरा मोकळ्या करतो. ऑपरेशनच्या तोंडावर, जिला बोट लावलेलं सोसत नाही तिला, हा बाजारात नेऊन तुडवून घेणार होता. वर त्याचा आग्रह असा, की जसं काही माझ्यावर उपकार करतोय. मला या माणसांची चीड यायची असं म्हणणं थोडं होईल. मला ती तुच्छ वाटायची, आणि आपल्याला तसं वाटतं याची लाजही वाटत नसे.

आणि घरचं काम. ऑपरेशन होणाऱ्या बाईनं आधी पंधरा दिवसांचं काम उरकून ठेवावं, ही आमच्याकडची रीतच आहे. तिखट कांडून ठेवायचं, गव्हाला ऊन द्यायचं, चादरी धुवायच्या, शेंगदाण्याचा कूट करून डबे भरायचे, आणि मग खुशाल दवाखान्यात जाऊन पडायचं. नवरा रोज संध्याकाळी चहा पिता पिता आठवण द्यायचा. “एवढं तिखटाचं बघून घे. मग तुला आरामच आहे.” पोट फाडून घेण्याला हा माणूस आराम म्हणत होता. मी काही केलं नाही. आक्कांनी दणादणा तिखट कांडलं आणि प्रत्येक दणक्याला माझ्याकडं एकदा पाहिलं. मी आठ दिवस पलंग सोडला नाही. पडून राहायला इतका निगरगट्टपणा लागतो, हे मला आधी माहीत नव्हतं.

ऑपरेशन गुरुवारी होतं आणि आमचा पाण्याचा दिवस नेमका बुधवारी आला. मंगळवारी नवरा म्हणाला, “तेवढं पाणी भरून घे. मी दवाखान्यात रक्ताचे रिपोर्ट द्यायला जाणार आहे. आक्का खंडोबाला नारळ फोडायला जातीय, तुझ्यासाठीच. एवढं पाणी झालं की झालं.”

पाणी भरणं म्हणजे काय, ते सांगते. नळाला दाब नसायचा, म्हणून अंगणात कमरेएवढा खड्डा खणून नळ त्यात घेतला होता. खड्ड्यात उतरायचं, नळी जोडायची, वर येऊन मोटर चालू करायची. गच्चीवरची टाकी भरली की नळी काढून अंगणातले तीन ड्रम, मग कळश्या, पातेली, बादल्या, शेवटी डबे आणि बाटल्या. पाणी तासभर यायचं. त्या तासात आमच्या कॉलनीत कुणी मेलं असतं तरी त्याला थांबावं लागलं असतं.

बुधवारी पाणी साडेदहाला आलं. दोघंही बाहेर होती. आधी पाइपातली हवा खाकरली, मग एकेक करून सगळ्या गल्लीच्या मोटरी घरघरायला लागल्या. शेजारीण कंपाउंडवरून ओरडली, “अहो, पाणी आलंय.”

“ऐकलं,” मी म्हणाले.

मी कूस बदलली. मोटरींचा आवाज ऐकत राहिले. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. शेजारणीनं आणखी दोनदा हाक मारली, मग तिचे ड्रम भरायची घाई असल्यानं नाद सोडला. तासाभरानं एकेक मोटर बंद होत गेली आणि गल्ली गप्प झाली. पुढचं पाणी आठ दिवसांनी येणार होतं.

नवरा आला आणि अंगणातच थबकला. “तू घरातच होतीस ना?” त्यानं दारातून विचारलं. त्याचा आवाज असा, की मी घरातलं सोनं रस्त्यावर फेकलंय. मागून आक्का आल्या. त्यांनी ड्रममध्ये हात घालून तळ चाचपला, आत आल्या आणि पदरात नारळाची शकलं तशीच धरून माझ्या पायाशी बसल्या.

“पाणी आलतं?”

“आलं होतं.”

“तुला कळलं नाय?”

“कळलं.”

“मंग?”

“उठवलंच नाही,” मी म्हणाले.

नवऱ्यानं पाण्यावरून तोंड उघडलं, तसा आक्कांनी हात वर केला. “बोलू नको रे तिला. लई दुखत असंल. बाई कधी आलेलं पाणी जाऊ देती का उगं?” मग माझ्याकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी विचारलं, “सिस्टरला काय सांगायचं, मला नीट सांग.”

मी सांगितलं. गोळी कुठली, कधी. मानेखाली टॉवेलची गुंडाळी. दुखायला लागलं तर इंजेक्शन, आणि भुलीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं. आक्का उरल्यासुरल्या पाण्यात भाकरी थापता थापता ते पुटपुटून पाठ करत होत्या. मला रडू आलं, आणि रडण्याचा रागही आला. अकरा वर्षं मी या बाईला हेच सांगत आले होते. डॉक्टरांचे कागद दाखवले होते. त्यानं काही झालं नाही आणि तीन रिकाम्या ड्रमांनी काम झालं.

गुरुवारी दवाखान्यात आक्कांनी झाडणाऱ्या मावशीपासून सर्जनपर्यंत कुणालाही सोडलं नाही. सर्जननं पुन्हा हसायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, हसू नका साहेब, लिहून घ्या. ऑपरेशन झालं. मी गुंगीत होते, खांद्यांत आणि पाठीत कुणीतरी सुऱ्या फिरवत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. सिस्टरचा आवाज आला, “एवढं सगळ्यांनाच दुखतं, मावशी.”

“सगळ्यांचं मला नका सांगू,” आक्कांचा आवाज. “या बाईनं भर दुष्काळात आलेलं पाणी जाऊ दिलं. उठता आलं असतं, तर जाऊ दिलं असतं व्हय? बोलवा त्या भुलीच्या बाईला.”

सिस्टरची पावलं दाराकडं वळली. तिच्याही घरी आठव्या दिवशीच पाणी येत असणार. डॉक्टरीणबाई आल्या, इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळानं मला श्वास घेता यायला लागला. नवरा वॉर्डाच्या दारात उभा होता. या वेळी तो हसला नाही.

ती गोष्ट आक्कांनी सगळ्या भावकीत सांगितली. अजून सांगतात. आता मी दुपारी पडले, तर कुणी काही बोलत नाही. पाचोडवाल्या चुलतदिरानंसुद्धा मला विचारलं, की वहिनी, लईच दुखत असतं का हो. मी हो म्हणते. वर्षातल्या बाकीच्या तीनशे दिवसांबद्दल ते खरंच असतं.

त्या बुधवारी मात्र मला दुखत नव्हतं. आठ दिवस पडून राहिल्यानं अंग इतकं हलकं झालं होतं, की गेल्या कित्येक वर्षांत तसं झालं नव्हतं. मी खड्ड्यात उतरू शकले असते, तिन्ही ड्रम भरू शकले असते. पाणी येत होतं आणि मी फक्त उठले नाही.