आमच्या मांगरातला मुखवट्याचा पिक्चर

जाळं कितीही झाडा, कुठेतरी एखादं खवलं चिकटून राहतंच. किश्श्यांचं तसंच आहे. आम्ही चौघे म्हातारे दुपारी किनाऱ्यावरच्या मांगरात बसून जाळी दुरुस्त करतो. मांगर म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली खोप. हात कामात असतात, तोंड मोकळं असतं. अशा किती दुपारी गेल्या आणि किती गोष्टी चिकटून राहिल्या! त्यातल्या निम्म्या एकाच पिक्चरच्या.

मला लिहितावाचता येत नाही. मी सांगतो, सून उतरवून घेते. ती म्हणाली, "बाबा, चाळीस वर्षं एकाच पिक्चरवर काय बोलता?" म्हटलं, तू लिही, मग कळेल.

पिक्चर ऐंशीच्या सुमाराचा, हिंदी. कुठल्याशा कॉमिकवरून काढलेला. हिरो दिवसा गोदामात कारकून. संध्याकाळ झाली की तोंडावर काळा मुखवटा चढवायचा आणि स्मगलर लोकांना झोडपून काढायचा. बंदराजवळच्या मैदानात तंबू लागला होता, तिथे आम्ही तो पाहिला. बनवणाऱ्याकडे पैसे नसावेत. सुरुवातीला जी गाडी व्हिलनची, तीच शेवटी पोलिसांची! दाराला पोचासुद्धा तोच.

*

पहिलं मत बाबलचं. बाबल आमच्यातला सगळ्यात लहान, तेव्हा जेमतेम विशीचा. जिभेला हाड नाही, ते आजही नाही. तंबूतून बाहेर पडल्या पडल्या म्हणाला,

"त्या शहरातली माणसा आंधळी आसत काय रे? नुसते डोळे झाकले, तर बापाशीक झील वळखाक येना? हंय रापण ओढताना लांबसून नुसती चाल बघून सांगतंय, कोण येता तो!"

झील म्हणजे मुलगा, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं; आणि बाबलचं म्हणणं मात्र खरं. वाळूवरून येणारा माणूस तोंड दिसायच्या आधीच आम्हाला कळतो. कोण उजवा खांदा पाडून चालतो, कोण टाच घासतो. आमच्या वाडीत मुखवटा घालून कुणाचं काही भागायचं नाही.

*

त्या पिक्चरमध्ये मारामारी झाली की पडद्यावर मोठाली रंगीत अक्षरं यायची. मी शेजारी बसलेल्या, वाडीच्या शाळेत शिकवणाऱ्या शांताराम मास्तरांना विचारलं, "मास्तर, काय लिवलाहा?"

"धडाम."

थोड्या वेळाने पुन्हा अक्षरं. "आता?"

"पुन्हा धडाम."

मी विचारात पडलो. आवाज तर कानाला ऐकू येतोय, मग लिहायचा कशाला? मास्तरांना तसं म्हटलं. मास्तर सावकाश बोलणारे. म्हणाले, "अरे, कागदावरच्या मारामारीला आवाज नसतो ना. तिथली सवय, ती इथेही आली."

ते मला पटलं. सवय माणसाला सोडत नाही, मग तो कुठेही जाऊ दे.

*

मास्तरांना पिक्चर आवडला नव्हता. मांगरात विषय निघाला की त्यांचं ठरलेलं वाक्य, "याला मारायचा अधिकार दिला कोणी? गावात कायदा नाही?"

एकदा बाबल सुई खाली ठेवून म्हणाला, "मास्तरांनू, तुमी आमका फोकान फोडून काढलात, तेवा तुमका अधिकार कोणी दिल्यान?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्या दिवशी लवकर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते सरळ बाबलसमोर बसले. "रात्रभर आठवत होतो, कोणाकोणाला मारलं ते. बावीस नावं आठवली. बाकीची आठवत नाहीत, याचंच वाईट वाटलं."

बाबल म्हणाला, "माझा नाव आसा मां त्यात?"

"तुझं तीनदा आहे."

*

आता आमचा चौथा, बस्त्यांव. त्याच्यासाठीच एवढं सांगत आलो.

बस्त्यांव माडावर चढणारा. त्याचा बापही तोच. चढण्याआधी बाप माडाला उघड्या हाताने तीनदा थापटायचा. म्हणायचा, "माडाक सांगूक होया, येतंय म्हणान. नायतर तो दचाकता." बस्त्यांवनेही तेच उचललं. पहाटे वाडीत थाप, थाप, थाप ऐकू आलं की बायका चुलीकडे वळायच्या. आम्ही त्याला हसायचो, पण दिवस त्या थापेनेच सुरू व्हायचा.

मग तो कामधंद्याला मुंबईला गेला. दोन वर्षांनी परत आला तो पाय प्लास्टरमध्ये घेऊन. सांगू लागला, "पिक्चरात होतंय. हिरोक उंचावर चक्कर येय. म्हणान मुखवटो माका घातल्यानी आणि पायपावर चढवल्यानी. दुसऱ्या खेपेक चढताना पडलंय."

पुढे तोच पिक्चर आमच्याकडे लागला तेव्हा बस्त्यांव घरी खाटेवर होता. आम्ही डोळे फाडून बसलो. आणि नेमका हिरो पाइपाजवळ आला नि रीळ तुटलं! मालकाने जोडलं ते थेट गच्चीवरचं. बाबल ओरडला, "बस्त्यांव उडान गेलो रे!" तंबू हसून लोटपोट.

तेव्हापासून वाडीत कुणाच्या परसातला फणस नाहीसा झाला तरी लोक म्हणायचे, "मुखवट्यावाल्यान नेल्यान!" बस्त्यांव ऐकून घ्यायचा. पाय आखूड राहिला, माड सुटला. आमच्यात येऊन बसला आणि जाळं विणायला शिकला.

*

आमचं हसणं त्याने सोसलं असतं. घरचं सोसवत नव्हतं. त्याची बायको फिलूबाय, बाई मायाळू, पण तिच्या मनात एकच बसलेलं, हा मुंबईला दारू पिऊन जिन्यावरून पडला आणि लाज झाकायला पिक्चर पुढे केला. चर्चमध्ये मेणबत्ती लावून त्याने शपथ घेतली, तरी नाही.

"मुखवट्यात कोण तो देवाक दिसता," ती म्हणायची, "माका जिनो दिसता."

एकदा बस्त्यांव मला म्हणाला, "पाय गेलो तेचा काय नाय रे. पण ती माका पेवान पडलेलो समाजता. तसोच मरान मी."

मी त्याच्या हातातली गाठ सोडवून दिली.

*

गेल्या पावसाळ्यानंतर बाबलला तो पिक्चर मोबाईलवर सापडला. "गावलो! अख्खो!" करत मांगरात आला. आधी मास्तरांनी शेवटची नावं वाचायला घेतली. चष्मा पुसून एकेक नाव थांबवून पाहिलं. बस्त्यांव कुठेच नाही.

बाबल म्हणाला, "काय रे, तुझा नाव खंय?"

"माका कोणी इचारल्यानच नाय."

"मगे येऊन बघ तरी!"

बस्त्यांव पाठ फिरवून जाळं ओढत होता. म्हणाला, "मी भितरसून बघलंय. भायरसून कित्याक बघू?"

*

मग आम्ही तिघांनीच पिक्चर लावला. तीच गाडी, तोच पोचा, तेच धडाम. बाबलची बडबड चालू. "बघ, बघ, बूट बघ, पावसाळी!"

हिरो इमारतीच्या पाइपाजवळ आला. इथे रीळ तुटलं नाही. मुखवट्यावाल्याने मान वर करून उंची पाहिली. उजवा हात उघडला. लोखंडी पाइपाला तीनदा थापटलं. मग बेडकासारखे पाय लावून सरसर वर गेला.

बाबलने मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. त्याने मोबाईल माझ्या हातात ठेवला, उठला आणि चप्पल न घालता तापल्या वाळूतून चालू लागला. थोड्या वेळाने आला तो फिलूबायला घेऊन. तिचे हात पिठाचे.

"वयनी, ह्या बघा. बोला नको काय, नुसता बघा."

तिने पाहिलं. "परत," म्हणाली. बाबलने परत लावलं. तिसऱ्यांदा पाहताना तिचा पिठाचा हात आपोआप उघडला आणि मांडीवर तीनदा हलला.

बस्त्यांव पाठमोराच. पण सुई थांबली होती.

मग फिलूबाय त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "लोखंडाक खंय कळता रे, तू येतंस ता?"

बस्त्यांवने मान वळवली नाही.

"नाय कळला," तो म्हणाला. "म्हणानच तर पडलंय."