आमटीत मीठ कसं झालंय?

शालनताई गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. आमच्या आशा सेविकांच्या ग्रुपवर तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांचा मेसेज आला. वर हाराचं चित्र, खाली ‘आपल्या लाडक्या शालिनीताई यांचे अल्पशा आजाराने निधन’. अल्पशा! कोरोनाच्या साथीपासून बाई चार पायऱ्या चढली की बसत होती, आणि यांना अल्पशा दिसला. नावसुद्धा धड लिहिता आलं नाही. शालन हो, शालन. त्याखाली सगळ्याजणींनी हात जोडले. मीही जोडले… आणि मोबाइल पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला.

पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर आम्ही आशा घरोघरी फिरतो. बाळंतिणी, लसी, गोळ्या हे आमचं काम. शालनताई आमच्या गटप्रवर्तक, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या आणि आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या. माहेर आष्ट्याचं, आवाज मळ्यातून हाक मारल्यासारखा. पहिल्या दिवशी मी एका दारात अंग चोरून उभी राहिले, तर मागून म्हणाल्या, “आगं, अशी उभी ऱ्हायलीस तर लोकांना वाटंल मतं मागाया आलीया. आत जा, पाणी माग. पाणी दिलेल्या माणसाशी कोण भांडत न्हाई.” पाणी मागायचं मी त्यांच्याकडून शिकले. पुढचं सगळंही त्यांच्याकडूनच.

मग ती साथ आली. मुंबईची माणसं गावी परतली आणि गावं तोंड शिवून बसली. ताप आहे का विचारलं की दार लागायचं. दारावर कोरोनाची पट्टी लागेल, वाडी वाळीत टाकेल, ही भीती. शालनताईंनी आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं, “ताप इचारूच नगासा. आमटीत मीठ कसं झालंय, एवढं इचारा. बाई ताप लपवंल, पर मिठावरनं सासूनं नावं ठिवल्यालं सांगितल्याबिगार ऱ्हाणार न्हाई.” आणि खरंच! “आवं ताई, मला चवच लागंना, सासू म्हणती खारट ढोण केलंस,” असं बायका आपणहून बोलायच्या, आणि आम्हाला कळायचं. वरून मास्क आले नाहीत तेव्हा त्यांनी स्वतःची सुती लुगडी फाडून आम्हाला शिवून दिले. शिव्या देणारी घरं स्वतःकडे घेतली. एकाने अंगावर कुत्रं सोडलं, तर बाई धोंड्यावर बसून म्हणाली, “कुत्रं बांध, मग भांडू. मला बी लय राग आलाय.”

दुपारी त्याच व्हरांड्यात आम्ही लांब लांब बसून जेवायचो. डबे मात्र फिरायचेच. लोकांना अंतर शिकवणाऱ्या आम्ही, पण एकमेकींच्या डब्यातलं खायची खोड काही सुटली नाही. एके दिवशी मी अख्ख्या मसुराची आमटी नेली होती. ताईंनी पहिला घास घेतला. मी चेष्टेने विचारलं, “ताई, आमटीत मीठ कसं झालंय?”

“झ्याक झालंय बाई. लेकीला बी शिकीव.”

मग मी घास घेतला. सकाळच्या घाईत मी मीठ घालायलाच विसरले होते.

आता लिहितेच. मी गप्प बसले. आठ दिवसांवर माझ्या लेकीचा साखरपुडा होता. तोंड उघडलं असतं तर ताईंची तपासणी, मग माझी, मग माझ्या दाराला पट्टी. ‘लपवू नका’ म्हणून जगाला सांगत हिंडणारी मी, मी तो बेचव घास गिळला आणि डब्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून ताई कुणाच्या घरात शिरेनात. आळीच्या तोंडाशी उभं राहून हाका मारायच्या. साखरपुड्यालाही आल्या नाहीत, “काम हाय” असा निरोप धाडला. नंतर कळलं, चव गेल्याचं सांगायला त्यांनी साहेबांना फोन केला होता आणि साहेब म्हणाले होते, सर्व्हे पुरा करा, मग बसा घरी. तापाच्या गोळ्या खात बाई फिरली आणि दहाव्या दिवशी शाळेखालच्या चढावर कोसळली. वाचली, पण फुप्फुसं गेली ती गेलीच. पुढे ‘कोविड योद्धा’चा कागद आला, त्यावरही शालिनीच. साहेबाला शिव्या घालायला मला आवडतं. सोपं असतं ते. पण साहेब फोनवर होता, मी त्याच व्हरांड्यात होते.

शेवटचं भेटले ती मिरजेच्या दवाखान्यात. डबा नेला होता. ताईंनी चमचाभर आमटी तोंडात घेतली, दम घेतला…

“या वक्ताला मीठ घातलंस न्हवं?”

मी डबा खाली ठेवला. “तुमाला ठावं हुतं?”

“दुसऱ्या दिसापास्नं तू माझ्या डब्यातलं खायाची बंद झालीस. तवाच वळखलं, आमटी अळणी हुती आन् तुला समदं कळलं हुतं.”

“रागावला न्हाईसा?”

“रागावले की. लय रागावले.” ताईंनी डब्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, “आता घास दे.” मी भरवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

त्यांच्या जागी आता मला नेमलंय. कौतुक करायला आलेल्यांना मी चहा देते आणि वाटेला लावते. दुपारी आम्ही त्याच व्हरांड्यात बसतो. परवा एका नव्या मुलीने डबा पुढे केला आणि हसत विचारलं, “ताई, आमटीत मीठ कसं झालंय?” ताईंचा प्रश्न आता आमच्यात चेष्टेचा झालाय. मी घास घेतला. अळणी होती.

“मीठ न्हाई!” मी ओरडले. इतक्या जोरात की पोर दचकली, डबा मागे घेऊन “चुकलं ताई, चुकलं” म्हणायला लागली. तिचं काय चुकलं होतं? दोनच शब्द होते. ताईंनी माझी आमटी खाल्ली त्या दुपारी एवढे दोनच शब्द मला बोलायचे होते.