राणीच्या तोंडी घातलेले शब्द

मागांच्या कारखान्यात कुजबूज नसते. आडवं सूत नेणारे शंभर धोटे एकदम धावू लागले की माणसाचा आवाज त्यात पिठात मीठ पडावं तसा नाहीसा होतो. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलतात, तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर स्वच्छ घडवून. या टोकाची त्या टोकाच्या बाईची खोडी काढते आणि मधल्या सगळ्या जणी ती वाचून हसतात. तिथे कुणाचं काही झाकून राहत नाही.

त्या कारखान्यात एकाच घरातल्या दोघी होत्या. वन्सं माग चालवायच्या. त्यांची वहिनी शेजारच्या खोलीत कांड्या भरायची आणि सुताने गच्च झालेल्या कांड्यांची टोपली मागांपाशी आणून द्यायची. वन्संनी लग्न केलं नव्हतं. उभी हयात मागापुढे गेली आणि मागाने त्यांचे दोन्ही कान नेले. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. समोरच्याचे ओठ दिसले की त्यांचं काम भागायचं.

अडायचं ते फक्त दूरदर्शन संचापाशी. रोज संध्याकाळी परीकथेची एक मालिका लागायची. राजाची बहीण, मांत्रिकाच्या शापाने तिचा झालेला पांढरा पक्षी, डोंगर, समुद्र, जळतं जंगल. वन्सं त्या मालिकेपायी वेड्या झाल्या होत्या. पण मालिका परक्या भाषेतली, आपल्या भाषेत आवाज चढवलेली. नटांचे ओठ एक म्हणत आणि शब्द भलतेच निघत. मग वहिनी संचाशेजारी स्टूल टाकून बसायची आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य ओठांनी वन्संना सांगायची. राक्षसाचं राक्षसासारखं, परीचं परीसारखं. नवरा पहारेकरी, संध्याकाळीच कामावर जायचा; मुलगा रात्री उशिरा घरी यायचा. घरात या दोघीच. वन्सं एक डोळा चित्रावर आणि एक वहिनीच्या तोंडावर ठेवून खुदकन हसायच्या, डोळे पुसायच्या.

त्या सुमाराला वहिनीच्या मुलाचं लग्न ठरलं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वन्संची खाट आणि ट्रंक. सून आली की ती खोली लागणार होती. हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. वहिनी ते रोज मनात घोळवायची. वन्संनी आपणहून विषय काढावा असं तिला वाटायचं आणि त्या काढत नाहीत म्हणून राग यायचा. बोलायचा मात्र धीर होत नव्हता.

अशात तो भाग लागला. पक्षी झालेली बहीण भिजून, थकून भावाच्या महालाच्या खिडकीवर येऊन बसली. राणीने खिडकी उघडली. तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "ये बाई, हे घर तुझंच आहे."

वहिनीचे ओठ क्षणभर थांबले. मग ते म्हणाले, "इथे जागा नाही. किती दिवस अडवून बसायचं माणसानं?"

वन्सं ताडकन सरळ झाल्या. "असं म्हणाली? मग रडते कशाला मेली?"

"खोटं रडते."

वन्संनी राणीच्या सात पिढ्या उद्धारल्या. जेवतानाही त्यांचा राग उतरला नाही. मग हात धुता धुता त्या म्हणाल्या, "मी नशिबाची गं बाई. मला तू मिळालीस."

वहिनीने भांडी घासायला घेतली आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी ती कांड्यांची टोपली कमरेवर घेऊन मागांच्या दारात आली, तर आत भांडण जुंपलेलं. आवाज नव्हता, नुसती तोंडं आणि हातवारे. शेजारच्या मागावरची उंच बाई म्हणत होती, "अगं, राणीनं तिला घरात घेतलं! मी या कानांनी ऐकलं!"

"माझ्या वहिनीनं शब्दन् शब्द सांगितलाय," वन्संचे ओठ रागाने थरथरत होते. "ती खोटं सांगायची नाही."

"मग तुझ्या वहिनीचेही कान गेले म्हणायचे!"

सगळ्या जणी हसत सुटल्या. तेवढ्यात वन्संना दारातली वहिनी दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला. "आली बघा! विचारा हिलाच. सांग गं, काय म्हणाली राणी?"

सगळे डोळे वहिनीच्या तोंडावर आले. ऐकण्यात चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण तोंड उघडेना. कमरेवरची टोपली घसरू लागली. मिटलेल्या ओठांनी ती तशीच उभी राहिली.

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. मग त्या बायकांकडे वळल्या. "माझीच चूक. तिनं बरोबर सांगितलं होतं. मीच वाचताना घोटाळा केला."

"म्हातारी झालीस गं!" उंच बाई म्हणाली. पुन्हा हशा उठला. वन्संही हसल्या आणि धोट्यात नवी कांडी घालू लागल्या. वहिनीला वाटलं, त्यांनी मला चारचौघींत फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वन्संची ट्रंक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली.

वहिनी त्यांच्यासमोर जाऊन बसली. "वन्सं, ते राणीचं बोलणं नव्हतं. माझं होतं."

"वाचलं मी ते. दारात, तुझ्या मिटल्या तोंडावर."

"ट्रंक जागेवर ठेवा. तुमच्या पाया पडते."

"कशाला? पोराला खोली लागणारच आहे. मी काय नाही म्हटलं असतं?" वन्संनी ट्रंकेवरची धूळ पदराने पुसली. "मागायचीस गं माझ्याकडे. त्या पाखराच्या तोंडावर कशाला खिडकी लावलीस?"

मालिकेची वेळ झाली. संच लागला. वन्सं नेहमीच्या जागी बसल्या, पण त्यांचे दोन्ही डोळे चित्रावर होते. वहिनी स्टुलावर बसली आणि सांगू लागली. राजा काय म्हणाला, मांत्रिक काय म्हणाला, सगळं जसंच्या तसं. एकही शब्द तिने इकडचा तिकडे केला नाही. वन्संनी एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

सून घरात आली, मालिका अजून चालू आहे. वहिनी रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसते आणि न बघणाऱ्या माणसाला अख्खा भाग ओठांनी सांगते. मध्ये पाणी प्यायलाही उठत नाही. वन्संनी नेमकं त्याच क्षणी वळून पाहिलं तर काय, ही तिला धास्ती.