निवांतरावाचा शेवटचा चिंचोका

“बुडाला थोडं ऱ्हाऊ दे गं.”

साळूबाईचं हे वाक्य त्या घरात चुलीच्या धुरासारखं मुरलेलं होतं. कणगीतून जोंधळा काढताना ती हे म्हणायची, मिठाची बरणी पुसायला घेतली की म्हणायची, चरवीतलं दूध ओतताना तर म्हणायचीच. कुठलंही भांडं पुरतं रितं करायचं नाही. तळाशी मूठभर, चिमूटभर, घोटभर ठेवायचं. तिच्या सासूची हीच रीत होती. नवरा गेल्यावर औंधच्या डोंगराखालचं ते रान आणि ते घर साळूबाईनं एकटीनं सांभाळलं, तेही ह्याच रीतीनं. त्या घरात कधी काही भरभरून नव्हतं, पण संपलंही कधी नाही.

सून प्रियदर्शनी कोरेगावची, बारावी झालेली. सासूला ती आत्ती म्हणायची. तिचा नवरा उदयसिंह पलटणीत होता. एका साली तो शांतिसेनेतून आफ्रिकेला जाऊन आला, तेव्हा ट्रंकेतून पत्त्यांचा एक वेगळाच जोड घेऊन आला. कुणा परदेशी सोल्जरनं त्याला तो दिला होता. त्यात राजा-राणी नव्हते, बदाम-इस्पिक नव्हते. पंखवाले साप, दगडाचे राक्षस, आग ओकणाऱ्या घोरपडी, आणि खाली मुंग्यांसारखं बारीक इंग्रजी. सुट्टीभर त्यानं बायकोला खेळ शिकवला आणि निघताना म्हणाला, “आईलाबी शिकीव. दुपारची नुसती रानाकडं बघत बसती.”

साळूबाई शिकली. आधी जमिनीची पानं मांडायची. जितकी जमीन तितकं बळ. बळाच्या हिशेबानं जनावर उतरवायचं आणि त्यानं समोरच्यावर चाल करायची.

“म्हंजी शेतीच की,” ती म्हणाली. “आधी रान, मग बैल.”

जोडात एक पान मात्र निराळं होतं. सुळेवालं, शेवाळलेल्या पाठीचं, डोंगराएवढं जनावर. ते एकदम उतरवायचं तर ढीगभर जमीन लागायची. पण त्याला दुसरीही एक वाट होती. थोडंसं बळ देऊन ते मैदानाच्या बाहेर ठेवायचं आणि त्याच्यावर ठरलेल्या खुणा मांडायच्या. खुणांना ह्या घरात चिंचोके. दर वेळी आपली पाळी आली की एक चिंचोका उचलायचा. बाहेर आहे तोवर ते कुणाला मारत नाही, कुणी त्याला मारू शकत नाही. शेवटचा चिंचोका उचलला, की ते आपल्या पायांनी मैदानात येतं, फुकटात. आणि बाकीची जनावरं आल्यावर एक पाळी बसून दम खातात. हे बसत नाही. आल्या आल्या धाव घेतं.

साळूबाईनं त्याचं नाव निवांतराव ठेवलं.

निवांतराव तिच्या हाती आला की ती लाडानं त्याला खेळायला अंथरलेल्या घोंगडीच्या कडेला ठेवायची, चिंचोके रचायची, पाळीपाळीनं उचलायची. आणि एक उरला की हात मागं घ्यायची.

“आवं आत्ती, काढा की. एकच ऱ्हायलाय.”

“ऱ्हाऊ दे एक.”

“आवं, ही काय मिठाची बरणी हाय व्हय? त्यो यायचा कसा मग?”

“यील त्याला यायचं तवा. तू खेळ.”

प्रियदर्शनी जिंकायची. निवांतराव कडेला तसाच, पाठीवर एक चिंचोका घेऊन.

दिवाळीच्या आधी माधवनगरहून मानसिंग आला. साळूबाईच्या थोरल्या बहिणीचा, हरणाबाईचा मुलगा. हरणाबाईनं उमेदीची वर्षं गिरणीत काढली होती, आणि आता तिच्या नजरेवर पडदा चढत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, राहिलीय तीही हळूहळू जाईल.

“मावशे,” मानसिंग म्हणाला, “आई म्हणती, सावळ्या उजेडात का हुईना, अजून माणसाचं तोंड दिसतंय. तवर साळीला म्हणावं एकदा समोर येऊन बस.”

“येते की,” साळूबाई म्हणाली. “म्हस इऊ दे.”

म्हैस व्याली. मग औंधची यमाईची यात्रा आली. देवी दाराशी असताना कसं जायचं? यात्रा पांगली. मग शाळूची काढणी. साळूबाई सबबी सांगत नव्हती, कामं खरीच होती. शाळूही कणगीत पडला. आता काय राहिलं, असं प्रियदर्शनीनं विचारलं, तेव्हा सासू कणगी सारवता सारवता म्हणाली, “तू एकटी कशी ऱ्हाशील?”

“शेजारची राहीबाई येती की झोपायला. मी इचारलंय तिला.”

“म्हशीची धार?”

“सकाळी कोण काढतंय? मीच की.”

 साळूबाईचा सारवणारा हात एकाच जागी फिरत राहिला. प्रियदर्शनीला तेव्हा उमगलं. ह्या बाईला घराची काळजी नव्हती. आपल्यावाचून घर चालेल, ह्याची तिला धास्ती होती. म्हणून घरातलं एक तरी काम ती स्वतःसाठी तळाशी ठेवत होती.  पण असलं काही सासूला तोंडावर सांगायचं नसतं.

चैत्रात एका सकाळी, भाकरी टोपल्यात पडल्यावर, प्रियदर्शनीनं आपणहून घोंगडी अंथरली. निवांतराव साळूबाईकडं गेला. चिंचोके उतरत आले. एक उरला. सुनेचं मैदान उघडं पडलं होतं. अडवायला एक घोरपडसुद्धा नव्हती.

“आत्ती, उचला. जिंकताय बघा.”

“आन् मग बुडाला काय उरंल?”

“निवांतराव उरंल की! रितं कुठं हुतंय? चिंचोका जातोय, जनावर येतंय.” मग ती जरा थांबली, आणि घोंगडीचा धागा ओढत म्हणाली, “आन् मी इथंच हाय की वो. तुमच्या माघारी आन् तुमी याल तवाबी. तुमच्या हातच्या पिठल्याबिगर मला भाकर जाती व्हय?”

साळूबाईनं तिच्याकडं पाहिलं.  बाहेर म्हशीनं शेपूट झटकलं. मग तिनं तो चिंचोका उचलला, पदराच्या टोकात बांधला आणि पान मैदानात सरकवलं.

“आता ह्यो दम खातोय का?”

“न्हाई. बाकीचं खात्यात. ह्यो आल्या आल्या निघतो.”

“मार मग,” साळूबाई निवांतरावाला म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हसली. उठली. दोरीवरचं हिरवं लुगडं ओढलं, चिंचोक्याची गाठ सोडून त्याच्या पदराला मारली. “इट्यावरनं माधवनगरला जायाची गाडी गेली का गं?”

“आज? आवं, आजच?”

“मग? दम खात बसू?”

“दोन घास तरी खावा!”

“बांध दोन भाकरी. हरणीला माझ्या हातचा ठेचा लय आवडतो, त्यो घाल वर. खरडून घाल. सगळा.”

प्रियदर्शनीनं दगडी खल पुढं ओढला आणि बोटानं खरडून पुरता पुसून काढला. सासू बघत होती. उंबऱ्यावर मात्र तिची पावलं अडली.

“पिठाच्या डब्यात बुडाला...” ती म्हणाली, आणि तिथंच थांबली. “कर बाई तुझ्या मनानं.”

ती निघाली. काखेत गाठोडं, पदराला ती लहानशी गाठ. बाभळीपाशी तिनं लुगडं वर खोचलं आणि चाल वाढवली. एरवी पाणंदीच्या वळणावर ती मागं वळून काहीतरी ओरडून सांगायचीच: शेण उचल, कोंबडी झाक. आज वळणावर तिनं फक्त गाठोडं ह्या काखेतून त्या काखेत घेतलं.

दारात प्रियदर्शनी उभी होती, बोटांना ठेचा लागलेला, डोळे पुसायचीही सोय नव्हती. गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवून मान तिकडंच वळवली होती. दोघी बघत राहिल्या, ते हिरवं लुगडं उसाच्या हिरव्यात मिसळून जाईपर्यंत.