विहिरीतली हवा

हवेला वजन असतं असं मी सासरी पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा चुलीपुढच्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "मंग तागडीत घाल आन् इकायला बस." माझे वडील लोणावळ्याला शाळामास्तर. ते मुलांना जे शिकवत ते मी घरात ऐकून ऐकून शिकलेली, आणि गप्प बसणं मला कधी जमलं नाही. मी तिथल्या तिथं फुलपात्र काठोकाठ भरलं, वर जाड कागद ठेवला, उलटं केलं आणि कागदावरचा हात काढला. पाणी पडलं नाही. बायका हसायच्या थांबल्या आणि एकेक करून उठून गेल्या. मागं राहिली ती एकटी माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणायची.

"कशानं राहतंय गं त्ये?" तिनं विचारलं. खालून हवा रेटते, मी सांगितलं. तिनं फुलपात्राखाली हात धरून पाहिला. "माज्या हाताला तर काय लागत न्हाई," म्हणाली. पण तिला ते फार आवडलं. घरात कुणी नसलं की ती हळूच म्हणायची, "दाव की गं त्ये पाण्याचं." मूलबाळ नव्हतं तिला. त्या घरात माझ्याशी सरळ तोंडानं बोलणारी ती एवढीच.

सासर टाकव्याच्या अलीकडं, आणि गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. मळ्यातली विहीर खूप खोल, वर मुरूम आणि खाली भेगाळलेला काळा खडक. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा गाळ काढायचा. पाणी उपसायचं, एकानं तळाशी उतरून पाट्या भरायच्या, बाकीच्यांनी वर ओढायच्या. उतरण्याआधी दोरानं कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणसाला धोका नाही, एवढं गावात पोराटोरांनाही ठाऊक.

त्या दिवशी मी तापानं पडले होते, त्यामुळं पुढचं मला आमच्या यांनी सांगितलं ते असं. सकाळी कंदील सोडला, चांगला जळला. थोरले दीर, म्हणजे आक्काचे मालक, खाली उतरले. दुपारपर्यंत राबले आणि भाकरी खायला वर आले. जेवणं होईतो घाटाच्या अंगानं आभाळ भरून आलं. झाडाचं पान हलेना, नुसता कोंदट उकाडा. पाऊस आला तर केलेलं काम मातीत जाणार, म्हणून सगळ्यांना घाई सुटली. सकाळी बघितलंय की, असं म्हणून कंदील पुन्हा कुणी सोडलाच नाही. दीर उतरले. तळाशी जाऊन त्यांनी पाटी उचलली आणि दमल्यासारखे खाली बसले. वरून हाका मारल्या तेव्हा मान वर केली, पण बोलले नाहीत. मग आडवे झाले. हे कमरेला दोर बांधून उतरले, तर निम्म्यातच यांचे पाय लटपटले. वरच्यांनी ओढून घेतलं म्हणून वाचले. दिरांना शेवटी गळ टाकून वर काढावं लागलं. जीव केव्हाच गेला होता.

आता दुपारच्या भाकरी विहिरीवर नेल्या होत्या आक्कानं. ती त्या दिवशी बाजूला बसलेली होती, चार दिवस कशाला शिवायचं नव्हतं. पण मी अंथरुणात, सासूबाई परगावी, आणि गडी उपाशी. दुसरं कोण नेणार होतं? विहिरीत आसरा असतात, त्या पाण्यातल्या देवी, त्यांना विटाळ खपत नाही, हे गावाचं म्हणणं. सासूबाईंनी ऊर बडवत सांगितलं, "हिच्या इटाळानं माजा ल्योक खाल्ला." त्यांचा मुलगा गेला होता, त्यांना मी काय बोलू? पण बाकीच्यांनी माना डोलावल्या, त्याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

दिरांचे दिवस झाल्यावर आक्काला माहेरी धाडायचं ठरलं. माहेरी कोण, तर घोरावाडीजवळ सावत्र भाऊ आणि त्याची बायको. ती हिला एका वेळच्या भाकरीला महाग करणार हे उघड होतं. आक्का मामंजींच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "मला गोठ्यात ऱ्हाऊ द्या, पर घरातनं काढू नका." मामंजींनी पाय मागं घेतले.

मी लोणावळ्याला जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. मग त्यांनी मला शाळेतली पाऱ्याची नळी दाखवली. हवेचं ओझं वाढलं की पारा चढतो, हलकं झालं की उतरतो. तिसऱ्या प्रहरी तो रोजच थोडा उतरतो, वादळी आभाळ आलं की आणखी. "जमिनीच्या भेगांत हवा कोंडलेली असते," ते म्हणाले. "वरून ओझं आहे तोवर ती आत राहते. ओझं हलकं झालं की बाहेर पडते आणि विहिरीच्या तळाशी साठते. त्या हवेत दिवा जळत नाही आणि माणूसही टिकत नाही. त्या बाईचा काय संबंध?"

मला हत्तीचं बळ आलं. त्या साली पाऊस लांबला होता, विहिरीच्या तळाशी वीतभरच पाणी होतं. घाटावर पुन्हा तसंच काळं दिसायला लागलं त्या सकाळी मी मामंजींना म्हटलं, चार माणसं बोलवा, तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते. आक्काला मी मुद्दाम विहिरीच्या काठावर उभं केलं आणि कंदील सोडायला सांगितला. जळला. मग आक्काला घरी बसवलं. दुपार कलली, वारा पडला, पुन्हा कंदील सोडला. निम्म्यावर ज्योत बारीक झाली आणि तळाशी जायच्या आत विझली. दुसऱ्यांदा सोडला, तरी विझला.

"बघितलंत?" मी म्हणाले. "ती होती तेव्हा जळला, नव्हती तेव्हा विझला. मग तिचा दोष कसा?"

मला वाटलं, जिंकले. मग गावातले एक म्हातारे आबा घसा खाकरून म्हणाले, "सकाळी ती हितं हुबी ऱ्हायली, आन् दुपारी आसरांनी दिवा इझवला. आजून कोपल्यात त्या. ही घरात हाय तवर थांबायच्या न्हाईत." सगळ्यांच्या माना पुन्हा हलल्या. मी पारा सांगितला, भेगा सांगितल्या, घसा बसेपर्यंत बोलले. यांनी माझा दंड धरून मला घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपली. तोवर तिला धाडायला निदान कुणाचा तरी पाय मागंपुढं होत होता. माझ्या कंदिलानं तेवढंही ठेवलं नाही.

पुढं दोन पावसाळ्यांनी मी तिला भेटायला घोरावाडीला गेले. भर दुपार, घरात कुणी नव्हतं. आक्का ओट्यावर रिकामा तांब्या घेऊन बसली होती. हाडं वर आलेली, ओठ सुकलेले. आड समोरच अंगणात, दोर-पोहरा काठावर.

"पाणी का नाही शेंदलंत?" मी विचारलं.

"कुणी आलं म्हंजी शेंदून देत्यात," ती म्हणाली. "मी न्हाई आडाजवळ जात. आनी कुणाचं कायबाय व्हायचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आक्का, लोकांचं सोडा, पण तुम्ही तरी? ती हवा होती. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलंस की," ती अगदी मायेनं म्हणाली. "लोक बोलायचे तवा मला खरं वाटत नव्हतं बघ. पर मग तूच दावलंस. मी काठावर हुबी ऱ्हायले, आन् दिवा इझला."

मी पोहरा आत सोडला. पाणी वर येईपर्यंत ती ओट्यावरून उठून पार कुंपणाला जाऊन उभी राहिली, आणि मी बोलावल्याशिवाय पुढं आली नाही.