दिनकरचे बूट बाहेरच राहिले

उर्मिलाचा फोन सकाळी आला, गार्चिंगहून. "काका, बाबा गेले... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. त्याला आता महिना उलटून गेला. दिनकर सबनीस माझा साठ वर्षांहून जुना मित्र. जर्मनीत शिकताना कार्ल्सरूहेला आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच पातेल्यात आमटी केली आणि पहिल्या दिवशी ती कुणी करपवली यावर आयुष्यभर भांडलो. त्यानेच करपवली होती. आता खोडून काढायला तो नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. शिक्षण संपवून दिनकर गावाबाहेरच्या एका लहान कारखान्यात नोकरीला लागला. मोटारीच्या तळाच्या पत्र्यावर आतून डांबरी थर, त्यावर लोकरीचा जाड नमदा आणि त्यावर गालिचा बसवायचा, म्हणजे आत बसणाऱ्याला रस्त्याचा त्रास होत नाही. असं अस्तर तिथे तयार होई. एका अमेरिकन कंपनीने आपली नवी गाडी, अजून बाजारात न आलेली, या अस्तरासाठी तिथे पाठवली. अमेरिकन गाड्या आम्हाला नव्या नव्हत्या. कार्ल्सरूहेत तैनात अमेरिकन लष्करी कुटुंबांच्या लांबलचक गाड्या आमच्या गल्लीत वळताना दोनदा मागेपुढे करत, आणि आम्ही खिडकीतून फुकटची मजा बघत असू. ही गाडी मात्र मधल्या मापाची. आई, बाप, तीन-चार पोरं आणि त्यांचं सामान एवढा हिशेब धरून बांधलेली. पुढे-मागे सलग बाक, प्रत्येकावर तिघं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. सहा सिलिंडरचं शांत इंजिन, आणि डिकी एवढी की आमच्या खोलीतला सगळा संसार तीत मावून वर जागा उरली असती. खरी नवलाई खाली होती. जुन्या गाड्यांत जाडजूड सांगाडा वेगळा आणि त्यावर वरचा भाग बसवलेला असे. इथे तळ आणि वरचा भाग जोडून एकच केला होता. वजन घटलं, तळ खाली गेला, पाय पसरायला जागा झाली; पण रस्त्याची प्रत्येक कुरकुर आता थेट वर येऊ लागली. ती थांबवायचं काम दिनकरच्या कारखान्याचं.

दिनकरची तेव्हा प्रोबेत्साइट चालू होती, म्हणजे सहा महिन्यांची उमेदवारी. तिचे शेवटचे दोन आठवडे उरले होते. कायम केलं नाही तर जर्मनीत राहण्याचा परवाना संपणार आणि साताऱ्याला परत जाऊन मामांच्या सिमेंटच्या एजन्सीत बसावं लागणार. त्या एजन्सीचं नुसतं नाव निघालं तरी त्याचा चेहरा कडू व्हायचा.

अशात गाडीच्या चाचणीचा दिवस आला. दिनकरने मागे बसून टिपणं घ्यायची होती. फिकट रंगाचा बाक, कोरा गालिचा... या पठ्ठ्याने दाराशी बूट काढले, व्यवस्थित जोडून ठेवले आणि आत जाऊन बसला. कुणाच्या घरात शिरताना काढावेत तसे, काही विचार न करता. गाडी निघून गेली, बूट अंगणात राहिले. वाटेत पेट्रोलला थांबल्यावर दार उघडून त्याने पाय खाली टाकला, तेव्हा कुठे स्वारीच्या लक्षात आलं! परत आला तो फाटकावरच्या पहारेकऱ्याने बूट खिडकीत मांडून ठेवलेले, आणि सगळा कारखाना हसतोय. पहारेकऱ्याने विचारलं, "काय मग, हेर सबनीस, गाडीत झोपायला चढला होतात का?"

त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर हसण्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. म्हणाला, "पुढच्या बाकामागे डाव्या अंगाला तळ थरथरतोय रे. एका ठरावीक वेगालाच. तळपायाला मुंग्या आल्यासारखं होतं."

"थरथर मोजायच्या यंत्रात आलं का?"

"यंत्र पुढे लावलंय. तिथे काही नाही."

मी त्याला शहाणपणा शिकवला. "एकदा हसं झालंय, पुरे. दोन आठवडे गप्प बस. पायाचं नावसुद्धा काढू नकोस."

"अरे, कुटुंबाची गाडी आहे ती. लांबच्या प्रवासात पोरं बूट काढून तिथेच खाली झोपणार. त्यांना कोण विचारायला जाणार?"

दुसऱ्या दिवशी तो विभागप्रमुख हेर लिंडेमान यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. लिंडेमान म्हणाले, "त्याच जागी मीही बसलोय. मला काही जाणवलं नाही."

"तुम्ही बूट घालून बसला होतात," दिनकर म्हणाला.

नोकरी गेलीच, असं त्याला त्या क्षणी वाटलं, हे त्याने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.  पण लिंडेमाननी खाली बसून स्वतःच्या नाड्या सोडल्या. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता म्हणे. दोघं मोज्यांवर गाडीत बसले, जाऊन आले, आणि उतरताना लिंडेमान एकच शब्द बोलले, "गेनाऊ." अगदी बरोबर! अमेरिकेला पत्र गेलं, तळाच्या पत्र्याला तिथे दोन उभे उंचवटे घातले गेले, वरचा थर जाड झाला. दिनकर कायम झाला, आणि पुढे चाचणीला निघणारा प्रत्येक माणूस एक फेरी मोज्यांवर करू लागला.

ती सवय त्याला जन्मभर पुरली. गाडी कुणाचीही असो, बूट काढून कापडी पिशवीत घालायचे आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. "अहो, निदान मोजे तरी धुतलेले घालत जा," असं सुशीलावहिनी म्हणायच्या. प्रत्येक नव्या गाडीत तो मला म्हणायचा, "काढ रे, एकदा बघ तरी." मी कधीही काढले नाहीत. चेष्टेवारी नेत आलो, पण खरं कारण वेगळं होतं. त्या संध्याकाळी मी त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. त्याने माझं ऐकलं असतं तर तो भित्रा झाला असता, आणि मी त्याला भित्रा केला असता. बूट काढणं म्हणजे ते कबूल करणं. त्याने मला त्याची एकदाही आठवण करून दिली नाही, आणि मीही कधी बोललो नाही. याची मला आज लाज वाटते.

गेल्या आठवड्यात गार्चिंगला जाऊन आलो. दाराशी त्याचे बूट होते, पिशवी खुंटीला होती. निघताना उर्मिलाने स्टेशनवर सोडायला गाडी काढली. विजेवर चालणारी, याच वर्षी घेतलेली. दिनकर तीत दोनदाच बसला होता. मी दार उघडलं, आणि मग तिथेच वाकून नाड्या सोडायला लागलो. या वयात त्याला वेळ लागतो.  उर्मिला घरात गेली, पिशवी घेऊन आली, माझे बूट तीत घातले आणि मी आत बसल्यावर ती माझ्या मांडीवर ठेवली.

स्टेशनपर्यंत मी तळपाय टेकवून बसलो होतो. कुठे काही थरथरत नव्हतं, दिनू. तुला हे सांगायला हवं होतं.